हाताची भीती नसलेली पाठ

खो-खोच्या मैदानावर एखाद्यानं दंगा केला की ‘जा, पाच फेऱ्या मार’ म्हणणारे प्रशिक्षक आजही दिसतात. मला ते मनापासून खटकतं. ज्या खेळाचा सगळा जीव धावण्यात, तिथं धावणंच शिक्षा ठरवलं तर पोरांनी त्यावर प्रेम करायचं कसं?

आधी तासभर शिस्त आणि शेवटी दहा मिनिटं धमाल, ही वाटणीही मला पटत नाही. खो-खोची मजा नियमांतूनच येते. आठ जण एकाआड एक तोंडं फिरवून बसलेले. मागून हात लागून ‘खो’ कानावर पडेपर्यंत उठायचं नाही, एकदा धरलेली दिशा बदलायची नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. ही बंधनं काढली तर उरते नुसती पकडापकडी. दहा वर्षांच्या पोरालाही हे कळतं. म्हणून खो मिळण्याआधी कुणी उठलं तर मी तोंड उघडायच्या आत समोरचा संघ ओरडतो, ‘ए, फाऊल बे!’

नियम राखायला पोरं समर्थ असतील तर मी माझा आवाज कशाला खर्च करू? तो मी मोजक्या जागांसाठी ठेवतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा आमचं शिबिर सकाळी लवकर सुरू होतं आणि ऊन चढायच्या आत संपतं. ‘सर, एकच डाव’ म्हणून कितीही गळ घातली तरी नाही म्हणजे नाही. पाण्याची शिट्टी झाली की पाणी प्यायचंच.

दुसरी जागा खांबाची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारतानं पुरुष व महिला दोन्ही गटांत तो जिंकला. पुरुष संघात आपल्या जिल्ह्यातला, वेळापूरचा रामजी कश्यप होता. मग काय, फक्कीनं मैदान आखून व्हायच्या आधीच प्रत्येकाला खांबावरून सूर मारायचा असतो! इथं मी कुणाचं ऐकत नाही. आधी खांबाभोवतीची माती उकरून भुसभुशीत करायची, खडे वेचायचे. मग गुडघ्यांवर बसून एका हातानं खांब धरायचा, दुसरा हात लांब टाकत पुढं झुकायचं, हनुवटी वर. ते जमलं की उभं राहून, मग चालत येऊन, पळत येऊन सगळ्यांत शेवटी. कुणी तोंड फुगवून बसला तर बसू देतो. पण ज्या दिवशी परवानगी मिळते, त्या दिवशी मातीनं माखलेला तोच पोरगा उठतो तो थेट टाळ्या घ्यायलाच.

बाकी मैदान त्यांचं. प्रत्येक निर्णयावर हुज्जत घालणारी एक मुलगी होती. तिच्या हातात शिट्टी दिली. तिनं पहिलाच फाऊल दिला तो तिच्या जिवलग मैत्रिणीला, मधल्या रेघेवर पाय पडला म्हणून. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातली बरीच घरं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशालींची, त्यामुळं भांडण तेलुगूत आणि गुण मोजायचे मराठीत. मी मध्ये पडलो नाही. मुलगी रेघेपाशी वाकली, फक्कीत उमटलेला पाय दाखवला आणि वाद मिटला.

पालक प्रेमानंच सांगतात, ‘सर, ऐकत नसला तर दोन ठेवून द्या.’ त्यांना मी खेळातलंच कारण देतो. खो नेहमी पाठीमागून येतो. बसलेल्याला देणारा दिसत नाही. पाठीला हात लागताक्षणी त्यानं झेपावायचं असतं. ज्याला मागून आलेल्या हाताची धास्ती आहे तो आधी खांदे आवळतो, मान आत घेतो, आणि तेवढ्यात पळणारा निसटतो. मार खाणारं पोर मला त्या आवळलेल्या खांद्यांवरून ओळखू येतं. त्याला पहिले काही दिवस मी डावात घेतच नाही. दोघादोघांच्या जोड्या करून नुसतं खो द्यायचं आणि उठायचं, हसत-खिदळत, हात हलकाच लावून.

तरीही न पटणाऱ्या बाबांना रविवारी रांगेतल्या चौकात बसवतो. खो द्यायला त्यांचाच मुलगा असतो आणि बाबा उठायला उशीर करतात तेव्हा अख्खी रांग ओरडते, ‘उठा ना काका, पळणारा गेला!’