तेरीज जुळली, पण...

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

हिशोबाच्या पेपरात तेरीज जुळल्याचा आनंद काय असतो, हे कला शाखेच्या मित्रमैत्रिणींना सांगून कळायचे नाही. नावेची बेरीज आणि जमेची बेरीज पैशापैशाने सारखी आली की खाली दोन रेघा ओढताना हात कसा हलका होतो! पण याच विषयात पुढे असेही शिकवतात की, तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर आहे असे समजू नये. एखादा व्यवहार मुळात नोंदलाच नसेल, तर तो दोन्ही बाजूंना नसतो आणि तेरीज खुशाल जुळते. दुकानात ठेवायला आणलेले कपाट चुकून मालाच्या खरेदीत लिहिले, तरी जुळते. एका चुकीने दुसरी चूक झाकली गेली, तरीही जुळते. हे उत्तर मला तोंडपाठ होते. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला कळला, आणि तोही एका सरकारी संकेतस्थळापायी.

इंदूर हे माझे आजोळ. आम्ही बेळगावची माणसे. घरात मराठी, गल्लीत आणि बाजारात कानडी, आणि सुट्टीत मामांकडे गेले की हिंदी, असे माझे चालते. होळकरांच्या या शहरात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, आणि त्यांच्या मराठीला माळव्याचा असा काही वास लागला आहे की ऐकतच राहावे. माझे मामा आयुष्यभर तिथल्या कापड बाजारात एका पेढीवर हिशोबनीस होते. चाळीस वर्षे दुसऱ्याचे पैसे मोजले, पण एका पैशाची घालमेल नाही. साठीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. हातपाय गाळून बसणाऱ्यांतले ते नव्हेत. 'एनव्हीडीए' नावाचा एक स्क्रीन रीडर फुकट मिळतो. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. मामा तो शिकले. माऊसला हात न लावता, नुसत्या कळफलकावर ते पत्रे लिहितात, वर्तमानपत्र ऐकतात आणि बँकेचा हिशोब पाहतात.

मे महिन्यात त्यांना एका सरकारी कार्यालयाकडे अर्ज करायचा होता. अर्ज संकेतस्थळावरूनच भरायचा. मी शेजारी बसले होते. पहिल्याच पानावर यंत्र म्हणू लागले, "बटन, बटन, बटन." कोणते बटन कशाचे, ते कोणी लिहिलेच नव्हते. जन्मतारखेसाठी एक छोटे कॅलेंडर उघडत होते, ते माऊसखेरीज हलेना. माहितीचे परिपत्रक उघडले तर यंत्र मुके झाले, कारण ते परिपत्रक म्हणजे कागदाचा नुसता फोटो होता. आणि शेवटी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची होती. ती ऐकण्याची सोय नव्हती.

मी म्हटले, "मामा, मी भरते. दोन मिनिटांचे काम."

ते म्हणाले, "ते तर शेजारचा पोरगाही भरून देईल, बेटा. पण मग खात्याचा नंबर त्याला सांगा, मोबाइलवर आलेला आकडा त्याला सांगा. दुनियेची तिजोरी सांभाळली, आता आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सोय आणि स्वावलंबन यांत काय अंतर असते, ते त्या एका वाक्यात मला दिसले.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत, याची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्येच तयार केली आणि केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात त्यांना जागा मिळाली. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. ती वाचताना मला एखाद्या शिस्तप्रिय हेडमास्तरांची आठवण झाली. तुटलेला दुवा नको. 'काम चालू आहे' अशी पाटी लावलेले पान नको. मजकूर केव्हा तपासला त्याची तारीख हवी. प्रत्येक संकेतस्थळाला एक जबाबदार वेब माहिती व्यवस्थापक हवा. आणि दिव्यांगांच्या सोयीसाठी 'डब्ल्यूसीएजी २.१' या जागतिक प्रमाणाची 'एए' पातळी गाठायला हवी. तिच्यात ५० कसोट्या आहेत. अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातला फरक निदान साडेचारास एक हवा, अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पान मोडता कामा नये, माऊसवाचून सर्व कामे झाली पाहिजेत, अशा त्या कसोट्या. ५० कसोट्या आणि शेकडो पाने! हाताने तपासायची म्हटली तर वर्ष जायचे. म्हणून त्यासाठी साधने निघाली आहेत. ती पाने चाळतात, दोष मोजतात आणि कुठे काय चुकले ते दाखवतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांतली दोन फुकट मिळणारी साधने त्या संकेतस्थळावर चालवून पाहिली. एक अमेरिकेतल्या यूटा राज्यात तयार झालेले 'वेव्ह', दुसरे गूगलचे 'लाइटहाउस'. मला वाटले, आता दोषांचा पाऊस पडेल. पण मुखपृष्ठाला शंभरापैकी नव्वदाच्या वर गुण मिळाले! मी चक्रावले. कालचा तो अडथळ्यांचा डोंगर गेला कुठे?

मग एकेक गाठ सुटत गेली. मी तपासले ते मुखपृष्ठ. मामा अडले होते आतल्या अर्जात. खाते उघडून आत गेल्याशिवाय तो दिसत नाही, आणि बाहेरून फिरणाऱ्या साधनाला तिथे दार नाही. म्हणजे पेढीची पाटी तपासली आणि तिजोरी राहिली. पुढे अर्जाच्या पानावर साधन चालवले तेव्हा बिननावाची बटने त्याने बरोबर पकडली. पण त्या वाकड्या अक्षरांच्या चित्राला मात्र त्याने पास केले. नियम असा की, चित्रामागे ते कशाचे आहे हे शब्दांत लिहिलेले असावे, आणि तिथे 'कोडचे चित्र' असे लिहिलेले होते. साधनाच्या लेखी काम पुरे झाले. मामांच्या लेखी कुलूप दाखवले, किल्ली दिली नाही. मी त्यांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "वाउचर लावलं आहे, फक्त रकम लिहिली नाही. तलपट जुळणारच."

इथे मला एक गंमत कळली. हिंदीत तेरजेला 'तलपट' म्हणतात. आपल्या मराठीत मात्र तळपट झाले म्हणजे सारे बुडाले! नुसत्या तेरजेवर विसंबणाऱ्याचे शेवटी काय होते, ते दोन भाषांनी मिळून सांगून ठेवले आहे की काय, असे वाटते.

यात साधनांचा दोष नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने मुद्दाम १४२ अडथळे पेरून एक पान तयार केले आणि अशी साधने त्यावर सोडली. सर्वांत चांगल्या साधनालाही निम्मे अडथळे सापडले नाहीत. पण म्हणून साधने फेकून द्यावीत असेही नाही. 'वेव्ह' तयार करणारी संस्था दर वर्षी जगातली दहा लाख मुखपृष्ठे तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सहज दिसणारे दोष होते. जे सहज दिसते तेच जर दुरुस्त होत नसेल, तर जे दिसत नाही त्याचे नावच नको! तेरीज पुरेशी नसते, म्हणून कोणी तेरीज मांडायची सोडत नाही.

भाषेची गोष्ट तर आम्हा सीमेवरच्या माणसांना फार जवळची. पान कोणत्या भाषेत आहे, हे पानाच्या पोटात एका शब्दात लिहावे लागते. ते वाचून स्क्रीन रीडर आपला आवाज बदलतो. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे सांगितल्यावाचून यंत्राने ओळखावे कसे? माझ्या आईचे मराठी पत्र मामांचे यंत्र हिंदी वळणाने वाचते, तेव्हा 'चमचा' आणि 'जावई' यांचे असे काही होते की मामी पदर तोंडाला लावून हसतात. घरच्या पत्रात ही करमणूक झाली. पण अर्जातल्या सूचना अशा वाचल्या गेल्या तर? साधन एवढेच सांगते की भाषेचे नाव लिहिले आहे की नाही. लिहिलेले नाव खरे आहे की नाही, ते ऐकणाऱ्यालाच कळते.

तपासणी कितीदा करावी, हा दुसरा प्रश्न. केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी या संस्थेकडून सरकारी संकेतस्थळाला दर्जाचे प्रमाणपत्र मिळते. ते तीन वर्षे चालते. पण संकेतस्थळ तीन वर्षे एका जागी बसून राहत नाही. आज परिपत्रक चढते, उद्या नवा अर्ज येतो, परवा दुवा तुटतो. हे इंदूरकरांना शिकवायला नको. २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात हे शहर पंचविसावे होते. २०१७ पासून ते पहिले आले आणि पुढे सतत मानात राहिले. ते काही परीक्षक येण्याच्या आदल्या रात्री झाडून नव्हे. सकाळी गाणे वाजवीत गाडी दारात येते, मामी ओला आणि सुका कचरा वेगवेगळा नेऊन देतात, आणि हे रोज चालते. संकेतस्थळावर पाळत ठेवणारी साधने हेच करतात. दर आठवड्याला, हवे तर रोज, ती पाने झाडून काढतात.

पण त्याच शहराने दुसराही धडा दिला. २०२५ च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. रस्ता दिसतो, नळाची वाट जमिनीखालून जाते. जे मोजले गेले ते चकचकीत होते, जे मोजायचे राहिले तिथे घात झाला. संकेतस्थळाची तुलना माणसांच्या प्राणांशी करण्याचा उथळपणा मी करणार नाही. पण मानांकनापलीकडे काय उरते हे विचारण्याची सवय दोन्हीकडे सारखीच हवी, एवढे वाटते.

मग करावे काय? युरोपीय संघाने २०१६ च्या निर्देशानुसार सरकारी संकेतस्थळांची तपासणी दोन पदरी ठेवली आहे. पुष्कळ संकेतस्थळांची यंत्राने वरवर, आणि थोड्यांची माणसांकडून खोलवर. लेखापरीक्षण शिकणाऱ्याला ही नमुना तपासणी लगेच पटेल. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सुगमतेचे नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्याच्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. बँकांसारख्या नियंत्रित संस्थांनी ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि नवी सोय सुरू करताना अंध व्यक्तींनाही ती वापरून पाहायला बोलवावे, असे न्यायालयाने सांगितले. मला या निकालातले हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे वाटते. वहीतील शिल्लक खरी की खोटी हे शेवटी तिजोरीतील रोकड मोजूनच कळते ना!

मामांनी आणि मी त्या कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिले. तक्रारीचा सूर मामांनी लावू दिला नाही. "उधारी मागायला गेलं तर आवाज नाही चढवायचा, खातं दाखवायचं," असे ते म्हणाले. म्हणून आम्ही नुसता तक्ता केला. कोणते पान, मामांनी कोणती कळ दाबली, यंत्र काय बोलले आणि काय बोलायला हवे होते. एकूण सात नोंदी. उत्तर आले नाही. पण जुलैत मामांचा फोन आला. चित्रातली अक्षरे आता ऐकू येत होती आणि बटनांना नावे मिळाली होती. परिपत्रक मुकेच होते आणि कॅलेंडर अजून माऊससाठी हटून बसले होते. मामांनी अर्ज स्वतः भरला. फक्त जन्मतारखेपुरती मामींना हाक मारावी लागली. "बाकी सगळं मी," हे ते फोनवर दोनदा म्हणाले.

सात नोंदींपैकी किती दुरुस्त झाल्या याचा तक्ता मी पुन्हा केला आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो पुढे पाठवायचा आहे. पण एक काम इथेही करण्याजोगे आहे. आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या सूचना लागतात. वाणिज्य मंडळाच्या आठ-दहा विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा साधने चालवावीत आणि दोष लिहून काढावेत. लेखापरीक्षणाचा फुकट सराव होईल. या अंकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्या मित्रांनी कन्नड पाने ऐकावीत, आम्ही मराठी ऐकू. आणि तक्त्यात शेवटचा एक रकाना यंत्रासाठी न ठेवता माणसासाठी ठेवावा. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला इंग्रजी येत नाही, अशा कोणाला तरी शेजारी बसवावे, आपण हात मागे बांधून गप्प राहावे, आणि त्याचे काम पुरे झाले की नाही, एवढेच त्या रकान्यात लिहावे.