अधूनमधून

साफ बंद पडलेल्या वस्तूंविषयी माझ्या मनात एक प्रकारचा आदर आहे. दिवा गेला की गेला. त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. नळाला पाणी नाही म्हटले की माणूस मुकाट्याने बादली उचलतो. खरा छळ करतात त्या अधूनमधून चालणाऱ्या वस्तू. त्या धड आशा सोडू देत नाहीत, धड विश्वास ठेवू देत नाहीत. अशा वस्तूंत घरच्या संगणकाला केबलने जोडलेल्या इंटरनेटचा नंबर मी पहिला लावीन.

हे इंटरनेट जाते ते घरात संशय पेरून जाते. कंपनीचा माणूस म्हणतो, "सर, आमची लाइन ओके आहे, तुमचा संगणक दाखवून घ्या." संगणकवाला म्हणतो, "मशीन ठणठणीत आहे, लाइन बघा." पत्नीचा संशय चिरंजीवांच्या खेळांवर, चिरंजीवांचा कंपनीवर. आणि दुरुस्तीवाला दारात आला, की दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबावी तसे सगळे सुरळीत चालू!

आमच्या घरी हा संशय थोडा अधिकच खोल गेला. आमचा संगणक आईच्या खोलीत असतो. दर रविवारी रात्री परदेशातला माझा थोरला भाऊ त्यावरून तिच्याशी बोलतो. मध्येच दादाचा चेहरा पडद्यावर थिजे, आवाज तुटे. आम्ही म्हणत असू, लाइन गेली. आईची ऐंशी उलटलेली. तिच्या लेखी माणूस बोलता बोलता गप्प होतो, याला एकच कारण असते. एका रविवारी ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, "दिवाळीला येशील का, एवढंच विचारलं रे मी. रागावला का तो?"

त्या रात्री मी ठरविले, आता तर्क पुरे, शोध घ्यायचा. मराठी शिकविणाऱ्याने तारांच्या भानगडीत पडू नये, असे पत्नीचे मत पडले. पण जुन्या पोथीत चुकीचा पाठ आढळला, की तो कोणत्या नकलेत शिरला हे आम्ही पायरीपायरीने मागे जाऊनच शोधतो. इथेही तीच रीत.

संगणकात 'पिंग' नावाची सोय असते. आपण साद घालायची, पलीकडच्या यंत्राने ओ द्यायची. पहिली साद घरातल्या राउटरला. त्याचा क्रमांक बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. दुसरी घराबाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. तिसरी एखाद्या संकेतस्थळाला, नावाने. क्रमांक ओ देतो आणि नाव देत नाही, तर दोष नावाचा क्रमांक शोधून देणाऱ्या यंत्रणेत. राउटर बोलतो आणि बाहेरचे कोणीच बोलत नाही, तर बहुधा बाहेरच्या लाइनीत. राउटरच गप्प, तर दोष घरात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य.

आमचा राउटरच मधूनमधून गप्प होई. म्हणजे कंपनी सुटली. त्याच केबलला मुलाचा लॅपटॉप जोडला. तोही तसाच अडखळला. संगणक सुटला. उरली ती दिवाणखान्यातून आईच्या खोलीत येणारी केबल.

या केबलच्या पोटात तांब्याच्या आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. बाहेरची कुरबुर जोडीतल्या दोघींवर सारखीच पडते आणि वजा होते. हा पिळाचा उपाय अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा. त्याचे पेटंट १८८१ सालचे. १०० मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. आमचा वेग कधी हजारावरून शंभरावर येई, कधी शून्यावर. कुठली तरी जोडी जायबंदी होती खास.

मुलाने पिंग अखंड चालू ठेवले आणि मी केबल चाचपत निघालो. कान मंद असल्याने आई मोठ्याने बोलते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दादाशी बोलताना दार घट्ट लावून घेते. मी तिला तसेच दार लावायला सांगितले. मुलगा ओरडला, "बाबा, गेलं!" दार उघडले. "आलं!" केबल बिजागरीजवळून गेली होती. दार लागले की ती चेपे आणि आतली तार तुटल्यासारखी होई. एरवी दार वाऱ्याने हलले की तेवढ्यापुरती अडखळे.

पंधरा मीटरची नवी केबल चौकटीच्या वरून नेली. जुनीच्या चेपलेल्या जागेवरून आईने बोट फिरविले आणि म्हणाली, "म्हणजे रागावला नव्हता!"

पुढच्या रविवारी तिने दार लावून तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला उत्तर पुरते ऐकू आले. दादाला यंदा रजा मिळणार नव्हती. मला वाटले, आई खचेल. पण त्या स्पष्ट 'नाही'ने तिला जणू हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने चकलीची भाजणी काढली आणि विचारले, "अरे, तिकडे डबा पोचायला किती दिवस लागतात?"