दादा, धुराला चार भिंती दे

प्रिय दादा,

फोनवर तू ‘जरा कणकण आहे गं, सकाळी उतरेल’ म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून लिहितेय. सकाळी उतरते हे खरंच. पण चढते कधी, ते पाहिलंस? दिवसभर जीआय पाइपाच्या रेलिंगला वेल्डिंग मारलं की संध्याकाळी. सुट्टीनंतर तर हमखास. पाइपावरचं जस्त 907 अंशांना उकळतं, तुझा आर्क त्याच्या कितीतरी पट तापतो. तो पांढरा धूर जस्ताचा आणि हुडहुडीही त्याचीच. तांबट लेनमध्ये पितळ ओतून आले की आजोबांना अशीच भरायची. आजी गोधड्या टाकायची, आठवतं ना?

आणि धूर बाधू नये म्हणून वर्कशॉपमधल्या पोरांना गूळ वाटणं थांबव. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. त्यांची भेट कुठेच होत नाही. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर पहिल्या, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकला. तंबाखू त्याच गटात आहे, आणि ती तर तू बाबांचा खोकला बघून एका दिवसात सोडलीस.

पंखा आहे म्हणशील. आहे, छताजवळ. म्हणजे धूर आधी तुझ्या नाकासमोरून जातो, मग बाहेर. एकदा उदबत्ती लावून बघ. फुंकर हातभर लांबचा धूर हलवते. तोच धूर ओठांनी ओढायला गेलास तर चार बोटांपलीकडचा येत नाही. ओढ अशी जवळच्या जवळ संपते, म्हणून धूर आधी कोंडावा लागतो. 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 14 हेच सांगायचं: उपजतो तिथेच शक्य तेवढा बंदिस्त करा, तिथूनच ओढून घ्या.

ग्राइंडिंगचा कोपरा घे. तीन बाजूंना आणि वर पत्रा, समोर वेल्डिंगच्या गडद पट्ट्या. जॉब आत, तू तोंडाशी, ओढ मागून, जॉबच्याच उंचीवर. तोंडाशी हवा सेकंदाला निदान अर्धा मीटर आत जायला हवी. डक्टमध्ये मात्र 18 ते 20 मीटर, नाहीतर लोखंडाची भुकटी वाटेतच बसते. फिल्टरआधी ठिणग्या विझायला रिकामा डबा ठेव. ॲल्युमिनिअम त्यात कधीच घासू नकोस. लोखंडाच्या ठिणगीने त्याची भुकटी पेटते. लांब रेलिंग आत मावणार नाही. तिथे लवचिक नळीचं तोंड टाक्यापासून वीतभर अंतरावर आण.

हे आकडे मला कुणामुळे कळले, दादा? तू दहावीनंतर टॉर्च धरलीस म्हणून मी इंजिनिअरिंगला गेले. फी भरायला यायचास तेव्हा बाह्यांना ठिणग्यांची भोकं असायची आणि मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, हा माझा भाऊ. आख्ख्या सिडकोच्या गच्च्यांना शेड बांधल्यास तू. मग स्वतःच्या नाकापुढे चार पत्रे का नाहीत?

जागा जाईल म्हणतोस. जाऊ दे. सिंहस्थाच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत, हेही माहीत आहे. पण तो नवा पोरगा अजून मिशी फुटायच्या वयाचा आहे आणि त्याची आई त्याला तुझ्या भरवशावर अंबडला वर्कशॉपमध्ये पाठवते.

रविवारी येतेय. ब्लोअर ठरवायला कोपऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर लागेल, मोजून ठेव. आणि कणकणीचं वहिनीला मी सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

तुझी,
छोटी