मोम्बासातले नाशिक

मास्तराच्या नशिबी साधारणपणे दोनच प्रवास असतात. एक घरापासून शाळेपर्यंतचा आणि दुसरा शाळेपासून घरापर्यंतचा. नाशिकला मीही बारा वर्षे तेवढेच प्रवास केले. सकाळी पंचवटीतून निघायचे, गंगेवरचा पूल ओलांडायचा आणि शरणपूर रस्त्याने सायकल दामटीत शाळा गाठायची. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, हे वाचकांना ठाऊक असेलच.) त्यामुळे १९८३ साली मोम्बासाच्या एका खासगी शाळेतून इंग्रजी शिकवण्याचे बोलावणे आले, तेव्हा घरात एकच गडबड उडाली. आई म्हणाली, "अरे, आफ्रिकेत इंग्रजी शिकवायला नाशिकहून कशाला माणूस न्यायला हवा? तिकडे साहेब नाहीत का?"

साहेब १९६३ सालीच केनिया सोडून गेला होता. इंग्रजी मात्र मागे राहिली होती, अगदी आपल्याकडच्यासारखी.

नैरोबीहून रात्रीच्या गाडीने आम्ही मोम्बासाला निघालो. हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांवर मजुरांनी बांधला. सकाळी डोळे उघडले तो खिडकीबाहेर नारळी, आंब्याची झाडे आणि दमट वारा. सौभाग्यवतीचे माहेर रत्नागिरीचे. ती एकदम म्हणाली, "अहो, हे तर आमचेच गाव!" पुढची तीन वर्षे तिने मोम्बासाला माहेरासारखेच वागवले, म्हणजे माझी पर्वा न करता.

मोम्बासा हे बेट. शाळा बेटावर आणि आमचे बिऱ्हाड पलीकडे, न्याली पूल ओलांडल्यावर केंगेलेनी नावाच्या भागात. रोज मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत, कोंबून घेऊन पूल ओलांडायचा. मुले मला 'म्वालिमू' म्हणत. म्वालिमू म्हणजे शिक्षक. हा शब्द आणि आपली 'तालीम' ही एकाच अरबी धातूपासून निघालेली भावंडे आहेत, हे कळल्यावर माझी काठीसारखी प्रकृती पाहून सौ. पुष्कळ हसली. हळूहळू ओळखीचे शब्द सापडू लागले. किताबू, कलामू, दुनिया, पेसा, गारी, चपाती. वर्गात मी मुलांना इंग्रजी शिकवी आणि मधल्या सुट्टीत मुले मला स्वाहिली शिकवीत. प्रगती कोणाची अधिक झाली, हे न सांगितलेले बरे.

या नव्या विद्येचा गर्व लवकरच उतरला. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. बंदरातल्या कारकुनीतून निवृत्त झालेले, पांढरे केस, कडक इस्त्रीचा सदरा. सगळे त्यांना 'म्झे' म्हणत. म्झे म्हणजे वडीलधारे माणूस. त्यांना भेटल्यावर 'शिकामू' म्हणायचे, म्हणजे आपले 'पाया पडतो'च. त्यांनी नातीच्या हाती चिठ्ठी पाठवली: रविवारी 'सा साबा'ला जेवायला या. साबा म्हणजे सात, एवढे मला येत होते. नवी साडी, नवा सदरा घालून आम्ही संध्याकाळी सातच्या ठोक्याला दारात हजर! पाहतो तो घरातली मंडळी अंगणात निवांत बसलेली. स्वाहिली माणसाचे घड्याळ सूर्योदयापासून चालते. सकाळचे सात म्हणजे त्याचा एक वाजलेला आणि त्याचे सात म्हणजे आपली दुपारची एकची वेळ. त्या घराने आमची सहा तास वाट पाहिली होती.

मी ओशाळून क्षमा मागू लागलो. म्झे म्हणाले, "म्वालिमू, भात गरम करता येतो. बसा." नारळाच्या दुधातला भात आणि नारळाच्या दुधातच शिजवलेले तुरीचे दाणे. आम्ही मासे खात नाही, ही चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. जेवता जेवता त्यांनी विचारले, "तुम्ही मुंबईचे ना?"

"मुंबईजवळचे. लहानसे गाव आहे. तुम्हाला ठाऊक नसेल. नाशिक."

म्झेंचा हात ताटातच थांबला. मग त्यांनी आत हाक मारली. सून आली, नातवंडे आली. आमच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही माणसे नाशिकची आहेत!" सारे घर आमच्याकडे असे पाहू लागले, जणू आम्ही काशीहून गंगाजल घेऊन आलो होतो.

"माझी आजी नाशिकची," म्झे म्हणाले. "शरणपूरची."

ज्या रस्त्याने मी बारा वर्षे सायकल हाणली, त्याच्या नावाचा अर्थ मला समुद्रापलीकडे त्या ताटावर कळला. गुलामांचा व्यापार करणारी अरबी गलबते इंग्रजांचे आरमार पकडी आणि सुटलेल्या माणसांपैकी कित्येकांना मुंबईस आणून उतरवी. त्यांतली अनेक मुले नाशिकला मिशनऱ्यांच्या शरणपूर वसाहतीत आली. ही वसाहत १८५४ च्या सुमाराची. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. तिथे मुले सुतारकाम, लोहारकाम शिकली आणि इंग्रजीही शिकली. १८६४ साली त्यांतलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोम्बासाकडे परत गेले. पुढे दोघेही पाद्री झाले.

डॉ. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या सफरीतही शरणपूरची मुले होती. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात वारला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट या शरणपूरच्या तरुणाने. मग हजार मैलांवरून त्यांनी देह समुद्रापर्यंत वाहून आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनविधी झाला, तेव्हा जेकब तिथे उभा होता. त्यानंतर मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने मोम्बासासमोर फ्रिअरटाउन वसले आणि शरणपूरची आफ्रिकन कुटुंबे तिकडे परतली. म्झेंची आजी १८७५ च्या सुमारास पंधरा वर्षांची होऊन परत आली होती.

दुसऱ्या दिवशी म्झेंनी मला हाताला धरून चौकात नेले. मी रोज जिथे मटाटू पकडी, तिथेच एका बुटक्या मनोऱ्यात घंटा टांगलेली होती. केंगेले म्हणजे घंटा, म्हणून केंगेलेनी. गुलाम पकडणारे आले की इशारा म्हणून ती वाजवीत, असे म्हणतात. मी ऐटीत आफ्रिकेत इंग्रजी शिकवायला आलो होतो. माझ्या आधी शंभर वर्षांहून जास्त काळ नाशिकहून शिक्षक येऊन गेले होते, आणि ते इथलेच होते. त्यांच्या नातवंडांना आमचे गाव ठाऊक होते. आम्हाला मात्र त्यांचा पत्ता नव्हता.

त्यानंतर दोन्ही घरे एक झाली. सौ. तिकडे नारळाचा रस काढायला शिकली, म्झेंची सून आमच्याकडे पुरणपोळी शिकली. पोळी तिला नीट लाटता येईना, म्हणून तिने पुरण नुसतेच खाल्ले आणि हाच पदार्थ अधिक चांगला, असा निर्णय दिला.

आमचा निघायचा दिवस जवळ आला. एका संध्याकाळी म्झेंचा धाकटा पणतू अंगणात पडला आणि रडू लागला. सुनेने त्याला उचलले, पाठीवर थोपटले आणि म्हणाली, "उगी, उगी."

सौ. चटकन् मागे वळली. तिला वाटले, मी बोललो.

म्झे म्हणाले, "बरे झाले आठवण झाली. किती दिवस विचारायचे होते. मूल रडले की आमच्या भाषेत 'पोले' म्हणतात. पण आमच्या घरात आजीपासून हाच शब्द आहे. तिला विचारले तर म्हणायची, नाशिकला म्हणत. हा इंग्रजी आहे का?"

मी इंग्रजीचा मास्तर, पण मला पटकन् उत्तर देता येईना. आईबापांपासून तोडलेली, समुद्र ओलांडून आणलेली चार-पाच वर्षांची पोर शरणपुरात रात्री रडली असेल. तेव्हा कोणी तरी तिला जवळ घेतले असेल. कोण, ते कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. स्वयंपाकीण असेल, पाणी भरणारी असेल, शेजारची एखादी विधवा असेल. साहेबाने शिकवलेली इंग्रजी त्या पोरीने पुढे वापरली की नाही, कोण जाणे. पण या बाईचा एक शब्द तिने चार पिढ्या पुरवला.

सौ.नेच सांगितले, "मराठी आहे. आम्हीही हेच म्हणतो."

म्झेंनी तो शब्द पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग म्हणाले, "म्वालिमू, शरणपूरला जाल तेव्हा आमचा नमस्कार सांगा."

नाशिकला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी शरणपुरात गेलो. जुन्या चर्चपाशी बराच वेळ उभा राहिलो. रस्त्यावर नेहमीसारखी वर्दळ होती. नमस्कार कोणाला सांगावा, ते कळेना. आज तर त्या रस्त्यावरची गर्दी विचारूच नका. अजूनही तिथून जाताना माझी पावले मंदावतात.

त्या रविवारी रात्री मी म्झेंना पत्र लिहिले: निरोप पोहोचवला. कोणाला, ते मात्र लिहिले नाही.