तलवार नेमकी कोणती?

लोणावळ्यात भुशी डॅमच्या पुढे लायन्स पॉइंटकडे निघालात की ‘आयएनएस शिवाजी’ लागतं. गाडीतलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘इथे डोंगरात जहाज?’’ सगळे हसतात, विषय भज्यांवर जातो. मला मात्र आजोबा आठवतात.

आमचं गाव सोनपेठ, जिल्हा परभणी. तालुक्यातून गोदावरी वाहते, पाणी म्हणाल तर तेवढंच. तिथल्या पारावर आजोबा सांगायचे, ‘‘मी तलवारवर होतो, पण जहाजात कधी पाऊल नाही टाकलं.’’ झालं! मंडळींनी नाव ठेवलं, ‘कोरडा खलाशी’. नौदलातून रिटायर झालेल्या कुणाच्या तरी पाहुण्याने तर हिशेबच मांडला : तलवार जहाज आलं 1959 मध्ये आणि हे घरी परतले 1946 मध्ये. म्हणजे शुद्ध थाप!

थाप नव्हती हो. फंडा सिंपल आहे. ब्रिटिश नौदलाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पटावर हवा. म्हणून किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखी नावं. तिथली जमीन म्हणजे ‘डेक’ आणि गेटबाहेर पडणं म्हणजे ‘किनाऱ्यावर जाणं’!

आजोबांची ‘एचएमआयएस तलवार’ मुंबईत कुलाब्याला होती. पक्क्या भिंतींची, संदेशवहन शिकवणारी शाळा. 18 फेब्रुवारी 1946 ला तिथल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अपमानाच्या वागणुकीविरुद्ध संप पुकारला. बघता बघता तो कराचीपर्यंत पोचला. 23 तारखेला शरणागती. शेकडो जणांना नोकरीतून काढलं, स्वातंत्र्यानंतरही परत घेतलं नाही. त्यातलेच एक आमचे आजोबा.

नाव मात्र नोकरीत राहिलं. 1959 ची तलवार डिसेंबर 1971 मध्ये कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्यात सामील होती. त्यानंतरची, रशियात बांधलेली तलवार 2003 मध्ये दाखल झाली. दोन्ही खऱ्याखुऱ्या युद्धनौका. त्यांचा अभिमान आहेच.

पण नातवाला आजोबांचं नाव ठेवलं म्हणून आपण आजोबांना खोटं पाडत नाही नं? आजोबा 2010 मध्ये गेले, ‘कोरडा खलाशी’ हा शिक्का घेऊनच. आता पारावर कुणी तो विषय काढला, की मी एवढंच सांगते : तलवारी तीन. पहिली कधी तरंगली नाही, पण लाट तिनेच उठवली.