हवा सोडायची आणि भरायची

मंडळी, शारजातल्या अल बदायरची लाल वाळूची टेकडी, आपली ‘बिग रेड’, सगळ्यांनी पाहिलीय. तिथे जो तो चाकांची हवा सोडत बसलेला! ३५ पौंडांवरून १५ वर आणली की टायर पसरतो, गाडी रुतत नाही. पण मागे मुलं बसवून तशाच मऊ टायरने हायवेला वेगात निघालात, तर टायर तापून फुटायचा. हवा परत भरायलाच हवी.

लायटरच्या भोकातला पंप चार टायर भरेस्तोवर स्वतःच तापून बसतो. म्हणून हौशी मंडळी इंजिनाच्या पट्ट्यावर एसीचा जुना कॉम्प्रेसर बसवतात. (गाडीचा एसी इथे कोण काढणार? हा दुसरा.) मेख आहे तेलात. एसीत तेल गॅसबरोबर फिरतं. नुसती हवा ओढली तर बहुतेक कॉम्प्रेसर कोरडे पडून जाम होतात. जुन्या यॉर्कच्या पोटात स्वतःचं तेल असतं, म्हणून त्याला मागणी. तरी थोडं तेल हवेबरोबर येतंच, ते गाळायला फिल्टर लावा. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आमची सौ. म्हणते, कुकरलासुद्धा असतो!

पुली एका रेषेत नसली तर पट्टा उडतो. तोच पट्टा वॉटर पंप फिरवत असेल तर इंजिनही तापलंच. लिवाच्या वाटेला लागण्याआधी एवढं तपासा, आणि एक जादा पट्टा डिकीत टाका.