निवेदकाचं गाव

चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या पाळीची पोरं कंपनीच्या बसची वाट बघत, मोबाइल कानाला लावून उभी असतात. लातूरकडचा घरी सांगतो, ‘कामाला जायलालो.’ नागपूरकडचा म्हणतो, ‘जाऊन राहिलो.’ धुळ्याचा अहिराणीत, ‘जाई ऱ्हायनू.’ राहायला तिघं एकाच खोलीत, कॉट बेसिसवर. या पट्ट्यात कथा लिहू पाहणाऱ्याला यापेक्षा मोठी इस्टेट कोण देणार?

तरी इथल्या कामगारांवरच्या कथा वाचताना मन खट्टू होतं. पोरं अवतरणचिन्हांत बोलतात तोवर जिवंत असतात. चिन्ह मिटलं की निवेदक ‘त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं’ असं लिहून मोकळा होतो. सातव्या महिन्यात कामावरून ब्रेक मिळालेला कंत्राटी पोरगा खोलीवर येतो, बूट न काढताच मेसचं किती देणं राहिलंय ते विचारतो. एवढं पुरे. काहूर वाचणाऱ्याच्या मनात माजू द्यावं.

पात्रांची बोली आणि निवेदन यांच्यातली ही भिंत आपल्याकडे कधीच पडलेली आहे. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकर आणि भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त (1965) पोक्या स्वतःच गोष्ट सांगतात, त्यांची बोली हेच निवेदन. म्हणून बोलीच हवी असंही नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत रेल्वेतल्या नोकरीची गोष्ट येते ती तापलेल्या, जवळजवळ ग्रांथिक मराठीत, आणि तो ताप खरा वाटतो. निवेदकाचं गाव कुठलं, तो कुणाच्या बाजूला उभा आहे, हे लेखकाला पक्कं ठाऊक असलं की वाक्याची लांबी आपोआप ठरते.

मग उरतं घासकाम. आयटीआयमध्ये फायलिंग शिकणारा पोरगा जॉबला गुण्या लावून उजेडासमोर धरतो. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. वाक्य मोठ्याने वाचून असंच तपासावं.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून ऐकून ‘लीळाचरित्र’ लिहिलं. एकाच प्रसंगाच्या वेगळ्या आठवणीही त्या ग्रंथात नोंदलेल्या सापडतात. मराठी गद्याची सुरुवात अशी कानापासून आहे. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपात प्रेसखाली कुणाचं बोट गेलं असेल, तर त्याची हकिगत ऑपरेटरकडून ऐकावी, हेल्परकडून ऐकावी, सुपरवायझरकडूनही ऐकावी. कुणाच्या सांगण्यात मशीन आधी येतं आणि कुणाच्या सांगण्यात माणूस, ते लिहून ठेवावं.